नसबंदीला जाताय? तीन महिन्यांनंतरची तपासणीची बाटली विसरू नका

मी सगळं नीट केलं होतं, एक सोडून. बायकोची पाळी बारा दिवस लांबली आणि त्या एकापायी ते बारा दिवस आमच्या घरात घास कोणाच्या घशाखाली उतरला नाही. शेवटी आली पाळी. पण तेव्हाच ठरवलं, पुढच्या माणसाला सांगायचं.

आधार, पासबुक वगैरे आशाताई सांगतीलच. बायकोची सही लागत नाही, पण तिला न सांगता जाणाऱ्याला काय म्हणावं! पुढे मूल नकोच, हे आधी पक्कं करा. शुक्राणूंची कापलेली नळी परत जोडता येते, पण मूल होईलच अशी हमी कोणी देत नाही.

ताकद जाते म्हणणारे पारावर भेटतील. म्हाताऱ्यांना १९७५-७६ ची, आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची धरपकड आठवते, त्यांचं बरोबर आहे. पण ताकदीचं हार्मोन त्या नळीतून जातच नाही, ते थेट रक्तात मिसळतं. वीर्यही जवळजवळ तेवढंच येतं, फक्त त्यात शुक्राणू नसतात.

खालचे केस आदल्या दिवशी कापा, आंघोळ करून जा. हलकं खाऊन जा, भरीत-भाकरीवर ताव मारून नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि घट्ट चड्डी किंवा लंगोट पिशवीत टाका. नंतर खाली ओढ लागते ती त्यानेच थांबते. गाडी चालवायला कोणीतरी सोबत न्या. रावेरच्या रस्त्यावर मोटरसायकलवर एकट्याने परत येणं म्हणजे काय, ते मला विचारू नका.

बिनटाक्याचं ऑपरेशन असतं. भुलीची सुई टोचते तेवढीच. एक बारीक भोक पाडतात, पंधरा-वीस मिनिटांत मोकळे.

आता माझं चुकलं ते. ऑपरेशन झालं म्हणजे काम झालं, असं मी धरून चाललो. झालेलं नसतं! मोटार बंद केली तरी पाइपात पाणी उरतंच की नाही? तसे पुढच्या नळीत शुक्राणू उरतात. म्हणून तीन महिने निरोध. एकदाही चुकवायचा नाही. आणि तीन महिन्यांनी वीर्यतपासणी. मी निरोध पंधरा दिवसांत सोडला आणि तपासणीला गेलोच नाही, कारण केळीची कटाई चालू होती. कटाई थांबेल, पोट थांबणार नाही. तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. बायकोलाही लिहायला सांगा.

दोन-तीन दिवस आराम, आठवडाभर घड उचलायचे नाहीत, सायकल नाही. ताप आला, सूज वाढत गेली, रक्त थांबेना तर तडक दवाखाना.

आणि तपासणी. सांगितलंय ना? परत सांगतो. नमुना घरून नेणार असाल तर तासाभरात लॅबला पोचला पाहिजे. खिडकीवरचा पोरगा तुमच्या नावासकट ‘वीर्यतपासणी कोणाची?’ असं ओरडेल, ओरडू द्या. शुक्राणू नाहीत असं कागदावर येईपर्यंत निरोध सोडायचा नाही. सरकारी प्रमाणपत्रही त्यानंतरच मिळतं. माझा कागद आता सातबाऱ्याच्या फायलीत आहे.