जुनी गाडी पीयूसीत फेल होते? या चुका टाळा

"भाऊ, गाडी त मस्त चालते, मंग फेल काहून केली?" तालुक्याच्या कोणत्याही पीयूसी (प्रदूषण तपासणी) सेंटरवर थोडा वेळ उभं राहा, हा प्रश्न कानावर पडतोच. विचारणारा खोटं बोलत नसतो. आर्वीहून पुलगावपर्यंत मागे ढेपेचं पोतं बांधून ती गाडी खरंच विनातक्रार जाते. पण जुन्या पेट्रोल गाडीची चाचणी होते ती उभ्या गाडीवर, रेस न देता. रस्त्यावर गाडी कार्बोरेटरच्या ज्या मोठ्या जेटवर पळते, त्याची मशीनला खबरही नसते. मशीन फक्त आयडलिंगचा धूर बघते, म्हणजे छोटा पायलट जेट, मिक्श्चर स्क्रू, चोक आणि प्लगचं काम. तिथे गडबड असेल तर एव्हरेज बरं देणारी गाडीही नापास होते.

सगळ्यात मोठी चूक त्यानंतर होते. फेल झाल्याची पावती चुरगाळून खिशात जाते आणि गाडी मिस्त्रीकडे. "धूर जास्त निघतो म्हणते," एवढंच सांगितलं जातं. मग प्लग बदला, नाही झालं तर कार्बोरेटर बदला, शेवटी रिंग-पिस्टन. खरं तर त्या पावतीवर दोन आकडे असतात आणि अर्धं निदान त्यातच झालेलं असतं. पावती मिळाली नाही तर मागून घ्या.

पहिला आकडा सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत. दुसरा एचसी, म्हणजे न जळलेलं इंधन, पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग). सीओ जास्त आणि एचसी मर्यादेत असेल तर इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळतंय: एअर फिल्टर चोंदलेला, चोक पूर्ण उघडत नाही, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची पातळी वर गेली किंवा मिक्श्चर स्क्रू चुकीचा बसवलाय. सीओ कमी आणि एचसी भरमसाट असेल तर पेट्रोल पेटतच नाही आणि तसंच बाहेर पडतंय. अशा वेळी प्लग, प्लगची वायर, टॅपेट, गळका वाल्व्ह किंवा कुठून तरी आत शिरणारी फालतू हवा शोधायची. इथे कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसण्यात काही अर्थ नाही. दोन्ही जास्त असतील तर आधी सीओची कारणं दूर करा. फार रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणाने प्लग काळा पडतो आणि एचसीही वाढतो.

पावतीवर मर्यादा कोणती छापली तेही बघा, कारण ती गाडीच्या वयावर ठरते. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकी-तीनचाकीला सीओ ४.५ टक्के आणि एचसी ९,००० पीपीएमपर्यंत चालतो. त्यानंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ४,५००, टू-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ६,०००. पेट्रोल चारचाकीत तर फरक आणखी मोठा आहे. बीएस-२ (भारत स्टेज या प्रदूषण निकषांचा दुसरा टप्पा) च्या आधीच्या गाडीला सीओ ३ टक्के, बीएस-२ आणि बीएस-३ ला फक्त ०.५, बीएस-४ ला ०.३. म्हणून १९९८ ची कार पास झाली आणि शेजाऱ्याची २००७ ची नापास झाली, तर त्यात नवल नाही.

थंड इंजिन

सेंटर घरापासून दोन गल्ल्यांवर, गाडी ढकलत नेली किंवा जेमतेम चालू केली, आणि लगेच नळी सायलेन्सरमध्ये. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यामुळे आकडे फुगतात. कॅटालिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत तो तापल्याशिवाय कामच करत नाही. चाचणीआधी दहा-पंधरा किलोमीटर चांगली पळवा आणि रांगेत उभे असताना शक्यतो इंजिन बंद करू नका. डिसेंबरात मेळघाटाकडच्या सकाळी हे जास्तच लागू पडतं.

हडंब्याच्या (मळणीयंत्राच्या) हंगामातली हवा

आपल्याकडे एअर फिल्टरचं आयुष्य कंपनीच्या पुस्तकात दिलं तेवढं नसतं. सोयाबीन निघालं की महिनाभर हडंब्याचा धुरळा, कुटार आणि पांदणीची माती गाडी पोटभर खाते. वणी-चंद्रपूरकडे त्यात कोळशाची भुकटी असते. तरी फिल्टर झटकून परत लावला जातो, कारण "अजून चालते." कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊ नका, तो बदला. फोमचा असेल तर साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, हलकं ऑइल लावून बसवा. आणि पावसाळाभर कोठ्यात उभी राहिलेली गाडी असेल तर फिल्टरचा डबा उघडून बघाच. उंदराला तिथे सरकी-कापसाचं घर करायला फार आवडतं. अशा गाडीच्या कार्बोरेटरमधलं जुनं पेट्रोल चिकट होऊन पायलट जेट बुजवतं. जेट साफ करताना तार घालू नका, भोक मोठं झालं की सीओ कायमचा वाढतो. क्लीनर आणि हवेचा प्रेशर पुरतो.

स्क्रूची दिशा

मिक्श्चर स्क्रू फिरवण्यात एक गंमत आहे, आणि भल्याभल्या मिस्त्रींची इथे फसगत होते. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो: आत फिरवला की मिश्रण रिच होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुधा इंधनाचा, मग उलटं. इंजिन गरम असतानाच, थोडाथोडा फिरवा. चाचणीपुरता स्क्रू पार लीन (पेट्रोल कमी) करून आणायचा आणि नंतर परत फिरवायचा, ही युक्ती सर्रास चालते. ती नेहमी लागू होते असंही नाही, कारण मिश्रण फारच पातळ झालं की मिसफायर सुरू होतो आणि सीओ खाली आला तरी एचसी वर जातो. तोच प्रकार सायलेन्सरला भोक पाडण्याचा. गळक्या सायलेन्सरमधून हवा मिसळून आकडे घसरतात, पण धूर पातळ झाल्याचं कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावरून कळतं.

टू-स्ट्रोकचं ऑइल

लुना, एम-८०, जुनी एक्सएल अजून दूधवाल्यांच्या घरी दिसतातच. "ऑइल जास्त टाकलं तर इंजिन टिकते" या समजुतीने यांचे कितीतरी सायलेन्सर कार्बनने बुजले आहेत. २ टक्के सांगितलं असेल तर लिटरला २० मिलि, बस. सायलेन्सर आणि एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन काढला नाही तर धूर हटणार नाही. गावात बाटलीत मिळणाऱ्या पेट्रोलवर ही गाडी चाचणीला नेऊ नका. त्यात रॉकेल मिसळलं असेल तर धूर वाढतोच, आणि प्लगही खराब होतो.

फोर-स्ट्रोक निळा धूर टाकत असेल तर तिथे ऑइल जळतंय. आधी ऑइलची पातळी बघा, जास्त भरलं असेल तरी असं होतं. मग रिंग किंवा वाल्व्ह सील. ऑइल बरंच जुनं असेल तर बदलूनच जा, त्यात मिसळलेलं पेट्रोल वाफ होऊन एचसी वाढवतं.

डिझेलवाल्यांसाठी

जुनी बोलेरो, कमांडर किंवा काळी-पिवळी जीप असेल तर सीओ-एचसीचा प्रश्नच नाही. इथे धुराचा गडदपणा मोजतात, आणि तो आयडलिंगवर नाही तर अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबून. बीएस-४ पूर्वीच्या गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (गडदपणाचं माप). सवारी भरून हळूहळू चालणाऱ्या जीपच्या सायलेन्सरमध्ये काजळी साचलेली असते आणि पहिल्या दाबाला तीच बाहेर येते. म्हणून आधी मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून या.

काळा धूर हटत नसेल तर एअर फिल्टर, मग नोझल. आणि चढावर जोर यावा म्हणून कोणी इंजिनाच्या डिझेल पंपाचा पुरवठा वाढवून दिला असेल, तर तो परत जागेवर आणल्याशिवाय बाकी खर्च वाया जाईल. पंपाची सेटिंग रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडून नको, पंप टेस्टिंगच्या बेंचवरच करून घ्या. पूर्ण रेस देण्याआधी ऑइल आणि टायमिंग बेल्ट असेल तर त्याची स्थितीही बघून ठेवा. जुन्या इंजिनाला ती रेस जड जाते.

कागदाची अडचण

गाडी पास होऊनही प्रमाणपत्र अडतं ते मोबाइल नंबरमुळे. आरसीवर वडिलांचं नाव आणि कधीचा बंद पडलेला नंबर, मग ओटीपी येणार कुठे? मोबाइल नंबर परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर आधीच बदलून घ्या. पुसट झालेली नंबरप्लेटही फोटोत अडवते. जुन्या गाडीचं प्रमाणपत्र सहसा सहा महिने चालतं, आणि ते देशात कुठेही काढता येतं. तालुक्याच्या मशीनवर शंका असेल तर अमरावती किंवा नागपूरला गेल्यावर दुसऱ्या सेंटरवर दाखवा, फक्त जुनी पावती सोबत न्या, म्हणजे आकड्यांची तुलना करता येईल.