मूड आणि मेंदूसाठी गोळ्या घेताय? या चुका टाळा

सांगलीत आमच्या मेडिकलवर हल्ली कुणी ना कुणी मोबाईल पुढे धरून 'मिथाइलफोलेट द्या, मूड सुधारतो' म्हणतं. मिथाइलफोलेट म्हणजे फोलेट या बी गटातल्या जीवनसत्त्वाचं शरीर थेट वापरतं ते रूप. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा निचरा करणाऱ्या एका एन्झाइमला मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटासा तुकडा) लागतो, हे खरं आहे. पण हे मिथाइल गट पुरवणारं शरीरातलं चक्र फिरायला फोलेट आणि बी-१२ दोन्ही लागतात. त्यातलं एकच घेऊन भागत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, घेत राहणं. तासगावकडचे एक माळकरी तात्या, मधुमेहासाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिन घेणारे. रक्त कमी निघालं म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून ५ मिलिग्रॅमची फॉलिकची गोळी सुरू केली. हिमोग्लोबिन वाढलं, घरचे निर्धास्त झाले. इकडे पायाला मुंग्या येत होत्या, अंधारात झोक जात होता, पायातली चप्पल निसटलेली कळत नव्हती. चिडचिड आणि विसरभोळेपणा वयावर ढकलला गेला. मुलगा तीच गोळी पुन्हा न्यायला आला, तेव्हा बोलता बोलता हे सगळं निघालं. मी गोळी दिली नाही, मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. बी-१२ अगदी तळाला गेलं होतं. फॉलिकने रक्त सुधारतं, पण बी-१२ अभावी नसांची झीज आत चालूच राहते. इंजेक्शनांनी चिडचिड गेली, तळपायाची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही.

मेथी, पालक, हरभरा यांत फोलेट आहे, बी-१२ नाही. ते दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतून येतं. म्हणून माणूस शाकाहारी असेल, मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत असेल (त्यांनी बी-१२ कमी शोषलं जातं), तर मी आधी बी-१२चा रिपोर्ट विचारतो. आणि तपासणी इंजेक्शनच्या आधी करा! घाईने टोचून घेऊन मग रक्त देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आकडा फुगतो, मूळ कमतरता कळतच नाही.

फोलेट वापरात आणणाऱ्या एमटीएचएफआर या जनुकात फरक आहे, असा रिपोर्ट हातात आला म्हणून घाबरू नका, तो फरक कितीतरी निरोगी माणसांत असतो.

बायपोलरचा (कधी नैराश्य, कधी उन्माद) त्रास असेल तर सॅमी (SAMe, मिथाइल गट पुरवणारं मूडसाठीचं सप्लिमेंट) स्वतःच्या मनाने अजिबात नको, उन्माद उसळू शकतो.

नैराश्याची चालू गोळी सोडून सप्लिमेंटवर येणं, हेही नको.

आठवड्यात फरक नाही म्हणून डोस दुप्पट करणारे बी-६मध्ये फसतात. ते जास्त झालं की नसा दुखावतात, मुंग्या येतात, आणि माणूस मुंग्यांसाठी आणखी बी-६ घेतो. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या. बी-कॉम्प्लेक्स, मल्टीव्हिटॅमिन, नसांची गोळी, तिन्हींत ते असू शकतं.