शर्यतीआधी सर्किट कसं वाचावं: सुझुकाचं उदाहरण घेऊन

फॉर्म्युला वनची शर्यत नुसती बघायची तर तयारी लागत नाही. पण अमुक गाडी याच फेरीला पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, का गेली, किंवा मागची गाडी वेगवान असूनही तिला पुढे का जाता येत नाही, हे शर्यत चालू असतानाच कळायला हवं असेल तर आधी सर्किट वाचावं लागतं. बहुतेक जण गुणतालिकेपासून सुरुवात करतात. आमचं मत उलटं आहे: ड्रायव्हर आणि संघ वर्षभर तेच असतात, दर शर्यतीला बदलतं ते सर्किट, म्हणून अभ्यास तिथून सुरू करावा. पुण्यात फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाड्या बांधणारी मुलं आहेत, चाकण-पिंपरीत ब्रेक आणि गिअरच्या कामात आयुष्य गेलेली माणसं आहेत; त्यांना तर यात जास्तच मजा येईल. खाली जपानचं सुझुका सर्किट घेतलं आहे, पण रीत कुठल्याही सर्किटला लागू पडते.

पायरी १: वेळा भारतीय घड्याळात मांडा

जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. शर्यत तिथे दुपारी २ ला असेल तर पुण्यात रविवारी सकाळी १०:३० वाजलेले असतात. युरोपातल्या उन्हाळी शर्यती तिथल्या दुपारी ३ ला, म्हणजे आपल्या संध्याकाळी ६:३० ला सुरू होतात. शुक्रवारचं दुसरं सराव सत्र सर्वांत मोलाचं, कारण त्यात संघ भरपूर इंधन भरून लांब पल्ल्याच्या फेऱ्या मारतात. ते बहुधा कॉलेज-ऑफिसच्या वेळेत येतं, त्यामुळे त्याच्या फेरीनिहाय वेळा रात्री बघायचं आधीच ठरवा. स्प्रिंट, म्हणजे जादा छोटी शर्यत, असलेल्या आठवड्यात सराव सत्र एकच असतं आणि हाताशी माहिती कमी; अशा वेळी आपला अंदाजही सैल ठेवावा.

पायरी २: नकाशा छापून घ्या

जागतिक मोटर क्रीडा संघटना, म्हणजे एफआयए, प्रत्येक शर्यतीचा वळणांचे क्रमांक असलेला नकाशा सर्वांसाठी खुला करते. तो ए-फोर कागदावर छापून घ्या. मोबाइलवर चालत नाही, कारण यावर लिहायचं आहे. ज्या वळणाआधी जोरात ब्रेक लागतो ते लाल पेनाने, जिथे पूर्ण वेगात गाडी वळते ते निळ्याने, आणि जिथे हळू वेगातून बाहेर पडून जोर लावायचा ते हिरव्याने दाखवा.

सुझुका ५.८०७ किलोमीटरचं, १८ वळणांचं. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी रचना असलेलं फॉर्म्युला वनमधलं हे एकमेव सर्किट: एक रस्ता दुसऱ्याच्या खालून जातो. त्यामुळे डावी-उजवी वळणं बऱ्यापैकी वाटली जातात आणि टायरची एकच बाजू भरडली जात नाही. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतच्या वळणांना ‘एसेस’ म्हणतात, आणि फेरीचा निकाल बराचसा तिथे लागतो. कात्रज घाटातल्या लागोपाठच्या वळणांसारखं आहे हे: पहिलं चुकीच्या रेषेने घेतलं की चूक पुढच्या प्रत्येक वळणात वाढत जाते. तुमच्या कागदावर हा भाग निळाच निळा दिसला पाहिजे. लाल खूण मुख्यतः अकराव्या, म्हणजे हेअरपिनला (जवळजवळ उलटं फिरवणारं वळण) आणि सोळाव्या, म्हणजे शेवटच्या शिकेनला (वेग कमी करायला लावणारी लागोपाठची उलटसुलट वळणं) येईल. पंधरावं ‘१३० आर’ नावाने डरकाळी फोडतं, पण आजच्या गाड्या कोरड्या रस्त्यावर ते जवळजवळ पाय न उचलता घेतात.

पायरी ३: रंग मोजा

लाल जास्त तर ब्रेक आणि स्थिरता महत्त्वाची. निळा जास्त तर डाउनफोर्स, म्हणजे पंखांमुळे गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर, आणि टायर. हिरवा जास्त तर मागच्या टायरची पकड. इटलीतल्या मोंझात फेरीचा सुमारे ८० टक्के भाग पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, जातो, म्हणून तिथे संघ सर्वांत पातळ पंख लावतात. मोनॅकोत बरोबर उलट. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच, पुणे ५६० च्या आसपास; तिथल्या विरळ हवेत मोठे पंख लावूनही डाउनफोर्स कमीच मिळतो आणि ब्रेक गार व्हायला हवा पुरत नाही.

२०२६ च्या नियमांनी एक प्रश्न वाढवला आहे. विजेच्या मोटरची ताकद १२० वरून ३५० किलोवॅटवर गेली, आणि बॅटरी भरते ती प्रामुख्याने ब्रेक लावताना. म्हणजे लाल खुणा कमी आणि सरळ पट्टे लांब असतील तिथे पट्ट्याच्या शेवटी बॅटरी रिकामी पडण्याचा धोका. नकाशावर प्रत्येक लांब पट्ट्याआधी किती ब्रेकिंग आहे ते जरूर बघा. डीआरएस, म्हणजे ओव्हरटेकसाठी मागचा पंख उघडायची सोय, हाही २०२५ सोबत संपला, त्यामुळे ओव्हरटेकचे जुने आकडे जसेच्या तसे वापरू नका.

पायरी ४: टायर आणि डांबर

टायर पुरवणारी कंपनी पिरेली शर्यतीआधी तीन प्रकारचे टायर जाहीर करते. सी१ सर्वांत कठीण, आकडा वाढेल तसा टायर मऊ. त्या शर्यतीपुरता पांढरा हार्ड, पिवळा मीडियम, लाल सॉफ्ट. कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकार वापरावेच लागतात. पिरेलीच्या पत्रकात डांबराचा खरखरीतपणा, बाजूचा ताण, ब्रेकिंग वगैरेंना १ ते ५ गुण असतात. ते कागदाच्या कोपऱ्यात उतरवून घ्या.

इथेच सर्वांत मोठी फसगत होते. २०२४ मध्ये सुझुकाला सी१, सी२, सी३ आले आणि बहुतेकांनी दोन किंवा जास्त पिटस्टॉप केले. २०२५ ला टायर तेच, पण सर्किटच्या पहिल्या भागातलं डांबर नवं. हवाही थंड होती. झीज इतकी कमी झाली की आघाडीच्या गाड्यांनी एकाच थांब्यात शर्यत काढली, आणि पहिले सहा जण ज्या क्रमाने उभे होते त्याच क्रमाने पोहोचले: व्हर्स्टापेन, नॉरिस, पियास्त्री, लक्लेअर, रसेल, अँटोनेली. मागच्या वर्षाचा आकडा उचलण्याआधी डांबर तेच आहे का आणि टायर तेच आहेत का, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पायरी ५: एक थांबा की दोन, हिशोब करा

आधी पिटचा तोटा काढा. मागच्या शर्यतीतल्या एखाद्या ड्रायव्हरची पिटमध्ये येतानाची आणि बाहेर पडतानाची फेरी यांची बेरीज करा, त्यातून त्याच्या दोन साध्या फेऱ्यांची वेळ वजा करा. सुझुकाला हे उत्तर २२ सेकंदांच्या आसपास येतं. सेफ्टी कारच्या (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला पुढे येणारी गाडी) काळातली फेरी घेऊ नका.

आता झीज. टायर दर फेरीला ठरावीक प्रमाणात मंदावतो असं धरलं तर एका टप्प्यातला, म्हणजे एकाच टायरवरच्या सलग फेऱ्यांतला, एकूण तोटा असा: फेऱ्या गुणिले एकने कमी फेऱ्या, भागिले दोन, गुणिले दर फेरीची झीज. सुझुकाच्या ५३ फेऱ्या. एका थांब्याला २६ आणि २७ चे टप्पे: ३२५ अधिक ३५१, म्हणजे ६७६. दोन थांब्यांना १७, १८, १८: १३६ अधिक १५३ अधिक १५३, म्हणजे ४४२. फरक २३४. जादा थांब्याची किंमत २२ सेकंद, तेव्हा २२ भागिले २३४ म्हणजे साधारण ०.०९४ सेकंद. झीज दर फेरीला यापेक्षा जास्त असेल तर दोन थांबे फायद्याचे, कमी असेल तर एक. झीज ०.०५ असेल तर दुसऱ्या थांब्याने वाचतात ११.७ सेकंद आणि जातात २२. कुणी तसं करणार नाही.

हे गणित रस्ता मोकळा आहे असं धरतं. प्रत्यक्षात थांबा घेऊन गाडी हळू गाड्यांच्या मागे अडकली तर सगळा फायदा दोन-तीन फेऱ्यांत संपतो. म्हणून उत्तर काठावर आलं की संघ एका थांब्याकडे झुकतात. शिवाय टायर शेवटपर्यंत सारखाच मंदावत नाही; काही फेऱ्यांनंतर तो एकदम कोसळू शकतो.

पायरी ६: शुक्रवारच्या वेळा गाळून घ्या

एकाच टायरवरच्या सलग सात-आठ फेऱ्या मिळतील तेवढ्याच घ्या. पिटमधून निघालेली आणि पिटमध्ये येणारी फेरी काढून टाका. बाकीच्यांपेक्षा दोन सेकंदांनी हळू असलेली फेरीही काढा. तिथे रहदारी आडवी आलेली असते किंवा टायर गार केलेले असतात.

मग इंधनाची दुरुस्ती. दहा किलो इंधन म्हणजे साधारण ०.३ सेकंद. दर फेरीला दीड किलोच्या आसपास जळतं, म्हणजे गाडी आपोआप सुमारे ०.०५ सेकंद वेगवान होत जाते आणि तेवढी झीज लपते. समजा दुसऱ्या फेरीची वेळ १:३४.० आणि बाराव्या फेरीची १:३४.५. दिसणारी झीज ०.०५, पण खरी ०.१०. ही दुरुस्ती विसरली की एका थांब्याची शर्यत वाटते आणि गाड्या दोनदा थांबतात.

कधी कधी शुक्रवारी हाती काही लागतच नाही. २०२५ ला सुझुकाचं दुसरं सत्र अपघात आणि पेटलेलं कोरडं गवत यांमुळे चार वेळा लाल झेंड्याने थांबलं. तसं झालं तर शनिवारच्या तिसऱ्या सत्रावर फार भिस्त ठेवू नका, कारण त्यात संघ मुख्यतः क्वालिफाइंगची, म्हणजे सुरुवातीची रांग ठरवणाऱ्या सत्राची, तयारी करतात.

पायरी ७: शनिवार रात्र आणि रविवार

क्वालिफाइंगचा निकाल आणि सुरुवातीची रांग एकच नसते. दंड लागून गाड्या मागे जातात, म्हणून एफआयएने काढलेली अंतिम रांगच नकाशाशेजारी उतरवा. सुझुकाला ओव्हरटेकच्या जागा मोजक्या: शिकेन आणि पहिलं वळण. तिथे तिसऱ्या रांगेतल्या वेगवान गाडीला पिटस्टॉपच्या वेळेचाच आधार घ्यावा लागतो. वाऱ्याची दिशाही लिहा. एसेसमध्ये मागून वारा आला की डाउनफोर्स कमी होतो आणि गाडी सरकते.

चौघं मिळून बघणार असाल तर कामं वाटून घ्या: एकाने पहिल्या दोघांतलं अंतर लिहायचं, एकाने टायर, एकाने हवामान, एकाने पिटच्या फेऱ्या. मोबाइलवरचं लाइव्ह टायमिंग बहुधा टीव्हीवरच्या चित्रापेक्षा काही सेकंद पुढे असतं. कुणी आधीच ओरडू नये म्हणून सुरुवातीलाच दोन्ही जुळवून घ्या.

दहाव्या फेरीपासून प्रत्येक गाडीच्या मागे २२ सेकंदांवर कोण आहे ते बघत राहा. आत्ता थांबली तर ती साधारण तिथेच बाहेर पडणार. तिथे मोकळी जागा दिसली की संघ हाक मारतो. सेफ्टी कार आली की बाकीच्या गाड्या हळू चालतात, पिटचा तोटा निम्म्याच्या आसपास येतो. तेव्हा २२ खोडून ११ लिहा आणि रांग पुन्हा वाचा.