पाइप कटिंग मशीन: काप जुळत नाही? आधी गॅसला हात लावू नका, या चुका टाळा

पाइपवर चेनने बसणारं, हँडलने फिरणारं गिअरचं गॅस कटिंग मशीन दिसायला साधं असतं. काप वाकडा आला की बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा ऑक्सिजनचं प्रेशर वाढवतात, मग नोझल बदलतात आणि शेवटी ग्राइंडर उचलतात. दोष मात्र बहुतेक वेळा बसवण्यात किंवा गिअरच्या ढिलेपणात असतो. म्हणून एकही बोल्ट फिरवण्याआधी कापाची कड नीट पाहा. काय बिघडलंय ते तिथेच दिसतं.

काप जुळला, पण काटकोनात नाही

सुरुवात आणि शेवट बरोबर मिळाले, तरी गुण्या लावल्यावर एका बाजूला फट दिसते. याचा अर्थ मशीन हललेलं नाही, मुळातच तिरकं बसलंय. कारण अगदी क्षुल्लक असतं: मशीनच्या पायाखाली स्लॅगचा (वितळून गोठलेल्या धातूच्या मळीचा) खडा, वेल्डचा उंचवटा किंवा पापुद्रा आलेला गंज. पुढच्या आणि मागच्या पायांत 100 मि.मी. अंतर असेल आणि एका पायाखाली 1 मि.मी.चा खडा आला, तर 8 इंची पाइपवर (बाहेरचा व्यास 219.1 मि.मी.) काप दोन मि.मी.हून जास्त तिरका जातो. पाय टेकणार ती जागा वायर ब्रशने घासायला एक मिनिट लागतं.

तपासणी अशी करा. सरळ कडेची गॅस्केट शीटची पट्टी पाइपभोवती गुंडाळा. पट्टीची कड स्वतःवरच तंतोतंत जुळली की ती रेष काटकोनात आहे. खडूने रेष मारा, टॉर्च (नोझल बसवलेली, ज्वाला सोडणारी नळी) 0 अंशावर सरळ उभा करा आणि न पेटवता पूर्ण एक फेरी फिरवा. नोझलचं टोक रेषेवरून 1 मि.मी.पेक्षा जास्त हटत असेल तर चेन सोडून मशीन पुन्हा बसवा.

काप जुळतच नाही, पायरी पडते

इथे दोष वेगळा आहे. टॉर्च फिरवणारी गिअरची रिंग कितीही तिरकी बसली तरी घट्ट असेल तर टॉर्च सुरुवातीच्याच जागी परत येतो. पायरी पडली म्हणजे फेरी चालू असताना काहीतरी सरकलं. आधी चेनचा ताण पाहा, मग टॉर्च होल्डरचा स्क्रू, मग टॉर्चच्या आर्मचा क्लॅम्प. हे तिन्ही घट्ट असतील तर होज (गॅसच्या रबरी नळ्या) पाहा. टॉर्च फिरतो तसे होज पाइपला गुंडाळले जातात आणि शेवटच्या पाव फेरीत टॉर्चला ओढतात. सुरुवातीलाच होज उलट्या दिशेने एक वेढा देऊन ठेवा, म्हणजे काप चालताना ते उलगडत जातील.

बेव्हल कुठे रुंद, कुठे अरुंद

बेव्हलसाठी, म्हणजे वेल्डिंगसाठी कडेला उतार देण्यासाठी, टॉर्च 30 अंशांवर झुकवलेला असताना नोझल पाइपपासून 2 मि.मी. दूर गेलं, तर काप जवळपास 1.15 मि.मी. बाजूला सरकतो. 37.5 अंशांवर तोच फरक दीड मि.मी. होतो. सरळ कापात हे जाणवतही नाही, बेव्हलमध्ये रूट फेसच (उताराच्या तळाशी राहणारी अरुंद सपाट कड) बिघडतो. चार ठिकाणी नोझलचं अंतर मोजा (साधारण 6 ते 8 मि.मी. ठेवतात). एका बाजूला कमी आणि समोरच्या बाजूला जास्त भरलं, तर रिंगचं केंद्र हटलंय; पाय एकसारखे लावा. समोरासमोरच्या दोन बाजूंना कमी आणि उरलेल्या दोन बाजूंना जास्त भरलं, तर पाइपच अंडाकृती आहे. मग पाय कितीही फिरवून उपयोग नाही, पाइपच्या पृष्ठभागावर चालणारा रोलर टॉर्चला जोडावा लागतो.

बेव्हल करताना ज्वालेला जास्त जाडी कापावी लागते हेही विसरू नका. 12 मि.मी. जाडीचा पाइप 37.5 अंशांवर सुमारे 15 मि.मी. भरतो. ॲसिटिलीनचं 3/64 इंची नोझल तिथे कमी पडतं, 1/16 इंची लावा.

कडेवर दातेरी खुणा

ठरावीक अंतराने येणाऱ्या खुणा गिअरच्या असतात. आधी दात्यांत अडकलेला स्लॅग काढा. मग पिनियन (रिंगला फिरवणारं लहान गिअर) आणि रिंग यांच्यामध्ये साध्या कागदाची पट्टी घालून फिरवा: कागदावर दात्यांचा ठसा उमटला पाहिजे, कागद फाटता कामा नये. हे चार ठिकाणी करा आणि जिथे सर्वांत घट्ट लागतं, तिथे ॲडजस्टमेंट करा. सैल जागी घट्ट केलं तर रिंग घट्ट जागी येऊन अडकते. पेटवण्याआधी हँडल कापाच्याच दिशेने थोडं फिरवून उरलेला ढिलेपणा काढून टाका. मध्येच उलटं फिरवू नका.

घोड्याच्या नालेसारखी उघडी रिंग असेल तर तिला दोन पिनियन असतात. रिंगची फट एका पिनियनसमोर आली की दुसरं तिला ओढतं. म्हणून पिनियन काढण्याआधी दोन्ही ठिकाणी सेंटर पंचने खूण करा. परत बसवताना एक दाता जरी पुढेमागे झाला, तरी फट ओलांडताच रिंग अडकते आणि ऑपरेटर जोर लावून दाते मोडतो.

दात्यांना ग्रीस

ही सगळ्यांत धोकादायक चूक. ग्रीसला स्लॅग चिकटतो, हा त्यातला लहान भाग. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस ठिणगी नसतानाही पेटू शकतं. उघडे दाते ब्रशने साफ करून कोरडेच ठेवा, फार तर कोरडी ग्रॅफाइट पावडर लावा. बंद बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं तर बाहेर आलेलं पुसून घ्या. त्याच हातांनी किंवा त्याच हातमोज्यांनी रेग्युलेटर, होज, टॉर्च यांना शिवू नका. रॉकेलने धुवायचं असेल तर टॉर्च काढून ठेवा आणि मशीन पूर्ण वाळल्यावरच तो परत लावा.

गरम रिंगवर पाणी मारू नका, ती वाकते. काप झाला की मशीन तापलेल्या पाइपवर तसंच सोडून चहाला जाणं हेही तितकंच वाईट.

हँडलचा वेग

घाईत फिरवलं की काप खालपर्यंत जात नाही, रेंगाळलं की वरची कड वितळते. 12 मि.मी. जाडीच्या 8 इंची पाइपचा घेर सुमारे 688 मि.मी. आहे, बेव्हलसाठी मिनिटाला 350 मि.मी. धरले तर फेरीला दोन मिनिटं लागतात. पाइपभोवती पूर्ण फेरीला हँडल किती वेळा फिरवावं लागतं ते एकदा मोजा आणि तो आकडा मशीनवर पेंटने लिहून ठेवा. 60 वेळा भरलं, तर दर दोन सेकंदांना हँडल एकदा. भोक नेहमी भंगाराच्या बाजूला पाडून मग रेषेवर या, आणि शेवटी सुरुवातीच्या जागेच्या 10 ते 15 मि.मी. पुढे जाऊनच ऑक्सिजन बंद करा.