सिस्टर, मग डबे फेकून देऊ का?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मला अजून सगळे सिस्टरच म्हणतात. नोकरीतली बरीचशी वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात गेली. त्यामुळे बाळाची बाटली असो, सलाईनची नळी असो की डब्याचं प्लॅस्टिक, काही विचारायचं झालं की बेल माझीच वाजते. हल्ली प्रश्न ठरलेला: प्लॅस्टिक वाईट म्हणतात, मग घरातले डबे फेकून देऊ का?

नका फेकू. साखर, पोहे, डाळी, साबुदाणा आहे तिथेच राहू द्या. कोरड्या, गार जिनसांत फारसं काही उतरत नाही. बघायचं ते उष्णतेकडे, तेलाकडे आणि पदार्थ किती वेळ आत राहतो त्याकडे. पटत नसेल तर आमटीचा डबा हातात घ्या. कितीही घासला तरी पिवळाच, आणि आतून बोट फिरवलं की ओशट. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर प्लॅस्टिकमध्ये मुरतो. म्हणजे ती काही अभेद्य भिंत नाही. आत जाता येतं तसं आतलं बाहेरही येतं.

बाहेर येणाऱ्यांपैकी दोन नावं लक्षात ठेवा. पहिलं बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए. हे पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक, काचेसारख्या प्लॅस्टिकमध्ये असतं आणि खाद्यपदार्थांच्या टिनच्या आतल्या इपॉक्सी लेपातही असतं. शरीरात ते इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची नक्कल करतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची रोजची सहन होण्याजोगी मात्रा आधीपेक्षा वीस हजार पटींनी खाली आणली, यावरून काय ते समजा. दुसरं नाव फ्थॅलेट. पीव्हीसी मुळात ताठ असतं, त्याला मऊ करायला फ्थॅलेट मिसळतात. ते प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं, म्हणून निसटतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने नर पिल्लांच्या पुरुष-हार्मोनवर परिणाम केलेला आहे. माणसांत बरेच संबंध दिसलेत, पण अमुक आजार अमुक डब्यामुळेच झाला असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासूनही चार हात लांब राहा.

आता स्वयंपाकघर. पुण्यात सगळ्यात आधी सुधारायला हवी ती मिसळीची पार्सल. उकळती तर्री पातळ पिशवीत ओततात, वर गाठ मारतात, आणि ट्रॅफिकमधून घरी येईपर्यंत ती त्यातच. उष्णता, तेल, वेळ, तिन्ही एका पिशवीत! स्टीलचा डबा घेऊन जा. दुकानदार आधी जरा बघतो, मग भरून देतो. चहाचंही तेच. अमृततुल्यमध्ये काचेचा ग्लास मागा. कागदी कप नुसत्या कागदाचा नसतो, आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना अशा कपातल्या शंभर मिलिलीटर गरम पेयात पंधरा मिनिटांत प्लॅस्टिकचे साधारण पंचवीस हजार सूक्ष्मकण मिळाले होते.

मायक्रोवेव्हमध्ये काच किंवा चिनी मातीच ठेवा. डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलंय त्याचा अर्थ मुख्यतः एवढाच की डबा वितळत नाही, वाकत नाही. मेलामाईनच्या बशा तर मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नकोत. दुधाच्या पिशवीची मात्र उगाच धास्ती नको. ते प्लॅस्टिक मुळातच मऊ असतं, त्याला फ्थॅलेटची गरज नसते, आणि दूध गार असतं. पिशवी गरम पाण्यात बुडवून ठेवू नका, एवढं पाळलं की झालं.

डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. ७ म्हणजे ‘इतर’, त्यात पॉलिकार्बोनेट येतं. हे तीन गरम पदार्थांपासून दूर ठेवा. २ आणि ५ त्यातल्या त्यात बरे. ‘बीपीए-फ्री’ वाचून लगेच निश्चिंत होऊ नका. बीपीए काढून पुष्कळदा बीपीएस घातलेलं असतं, ते त्याचंच चुलत भावंड आहे आणि तेही हार्मोनमध्ये लुडबुड करतं.

बाळाच्या बाटलीत बीपीए चालत नाही, भारतीय मानकाने २०१५ मध्येच त्याला बंदी घातली. पण पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे ५ आकड्याच्या, बाटलीत गरम पाणी घालून हलवलं की सूक्ष्मकण सुटतात, हे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२० मध्ये दाखवलं. वरचं दूध द्यावंच लागत असेल तर पाणी स्टीलमध्ये उकळा, दूध स्टीलमध्येच कालवा, कोमट झाल्यावर भरा. खरं सांगायचं तर बाटली हवीच कशाला? आमच्या विभागात दीड किलोची बाळंसुद्धा वाटी-चमच्याने प्यायची. आजीचं बोंडलं माळ्यावर असेल तर काढा, उकळा आणि वापरा.

इस्पितळाचा भाग वेगळा, आणि इथे लोक दोन्ही टोकांना जातात. सलाईनच्या नळ्या, रक्ताच्या पिशव्या बऱ्याचदा पीव्हीसीच्या असतात आणि त्यांत डीईएचपी हे फ्थॅलेट असतं, वजनाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत. नळी बोटाभोवती गुंडाळली तरी चिरत नाही, ती त्याच्याच जोरावर. रक्ताच्या पिशवीत तर त्याचा उपयोगही होतो, तांबड्या पेशींचं आवरण त्याने टिकतं. साध्या सलाईनमध्ये ते फार उतरत नाही, कारण ते पाणी. शिरेतून देतात त्या स्निग्ध द्रावणात जास्त उतरतं. पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध ज्या द्रावकात असतं तो डीईएचपी ओढून घेतो, म्हणून त्याला पीव्हीसी नसलेला नळ्यांचा सेटच लावतात.

सगळ्यात जास्त जपायचं ते कमी दिवसांच्या बाळाला. किलोभर वजन आणि एकाच वेळी चार-पाच नळ्या, त्यामुळे वजनाच्या मानाने मात्रा मोठी होते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, २००२ मध्येच सांगितलं होतं की नवजात मुलगे, पोटात मुलगा असलेल्या गरोदर बाया आणि वयात येणारे मुलगे यांच्यासाठी शक्य तिथे पर्यायी साधनं वापरा. त्याच सूचनेत हेही होतं की गरजेचा उपचार यासाठी थांबवू नका. हे दुसरं वाक्य पाठ करा.

मग करायचं काय? दाखल करताना, गडबड नसेल तेव्हा, विचारा: “सिस्टर, डीईएचपी नसलेला सेट मिळेल का?” काही पाकिटांवर डीईएचपी लिहून त्यावर काट मारलेली खूण असते, ती बघा. डायलिसिस कायमचं असेल, बाळ बरेच दिवस काचेच्या पेटीत राहणार असेल, तर डॉक्टरांशी सविस्तर बोला. अपघातात रक्त चढत असताना पिशवी कशाची आहे हे विचारत बसू नका. आणि वापरलेली नळी, पिशवी ‘घरी उपयोगाला येईल’ म्हणून आणू नका. बाग शिंपायला सलाईनची नळी वापरणारे महाभाग मी पाहिलेत.

एक चांगली बातमी. बीपीए शरीरात साठून राहत नाही, बहुतेक दिवसभरात लघवीवाटे जातं. फ्थॅलेटचंही बरंचसं तसंच. २०११ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पाच कुटुंबांना तीन दिवस ताजं, प्लॅस्टिकमध्ये न बांधलेलं अन्न दिलं, तर लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी खाली आलं. म्हणजे आज तर्रीची पिशवी सोडली तर फरक याच आठवड्यात पडतो.

खरेदीला बाहेर पडलात तर आधी स्टीलचे घट्ट झाकणाचे दोन डबे आणि स्टीलची गाळणी घ्या, प्लॅस्टिकची गाळणी उकळत्या चहाखाली धरणं बंद. तांबट आळीतून तांब्याची कळशी आणायचा मोह होईल. आणा, पाण्यापुरती. तिच्यात ताक, लिंबू सरबत, कैरीचं पन्हं ठेवू नका, आंबटाने तांबं उतरतं. पितळेला कल्हई नसेल तर त्यालाही हाच नियम.