पोराला पाठशाळेत घालताय? आधी पहाट बघा

मी वाईचा, पखवाज वाजवतो. वाई-भुईंजकडच्या सप्त्यांत साथीला असतो आणि कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर नारदीय कीर्तन ऐकायला बसतो. त्यामुळे ‘पोराला वेदपाठशाळेत घालू की आळंदीला वारकरी शिक्षणाला?’ असं विचारणारे आईबाप मला हमखास गाठतात.

फी, खोल्या नंतर विचारा. एक रात्र तिथं मुक्काम करा आणि पहाटे मुलं काय करतात ते बघा.

वेदपाठशाळेत संथा चालते. गुरुजी एकदा म्हणतात, मुलं दोनदा. ऋग्वेदी मुलं मान हलवून स्वर धरतात, शुक्ल यजुर्वेदी हातानं. संहिता, म्हणजे मूळ मंत्र, झाली की तेच शब्द सुटे करून, उलटसुलट जोडून म्हणायचे: पद, मग क्रम, पुढं जटा, घन. अर्थ कधी येईल तेव्हा येईल. स्वर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. अशा मुलाची भक्ती नेमाची होते. संध्या चुकली तर त्याला जेवण गोड लागत नाही.

आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यास, त्यात ज्ञानेश्वरी, गाथा. पण पोरगं घडतं ते काकड्याला आणि हरिपाठाला, टाळ घेऊन ओळीत उभं राहून. चाल चुकली तरी शेजारचे टाळकरी उचलून धरतात. लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात, ते तर रोजचंच. हा मुलगा देव माणसांच्या गर्दीत शोधायला शिकतो. एकट्यानं पूजा करायला बसवा, चुळबुळ करेल!

आमच्या वाईची प्राज्ञपाठशाळा तिसऱ्याच वळणाची. तिथं नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी शास्त्राच्याच आधारानं अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाच्या बाजूनं उभे राहिले. विनोबाही १९१७ मध्ये मराठेशास्त्र्यांकडेच शिकायला आले होते. संस्कृत तेच, पण तिथं शंका काढायची मुभा होती. माझं मत विचाराल तर ही मुभा कुठल्याही पाठशाळेत आहे का, ते तपासाच. पोराला गुरुजींपुढं ‘असं का?’ म्हणायला लावा आणि गुरुजींचा चेहरा बघा.

आळंदीची मुलं जवळून बघायची तर आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंदला येते तेव्हा जा. दिंड्यांत ती असतातच. दुपारी विसाव्याला त्यांच्याशी बोला, महाराज जवळ नसताना. जेवण कसं, आजारी पडल्यावर दवाखान्यात कोण नेतं, घरी फोन कधी करू देतात. आता खाजगी संस्था गल्लोगल्ली झाल्यात. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका, आणि संडास स्वतः उघडून बघा.

शाळेचंही आधीच ठरवा. पोरगं जवळच्या शाळेत जाणार का, की दहावीला बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म भरणार? तो फॉर्म कोण भरणार, तेही विचारून घ्या. ऐन वेळी धावपळ तुमचीच होते.