पारध्याचा दाखला काढताना आधी आजोबांचा कागद शोधा

भाचीची व्हॅलिडिटी, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, काढताना जे कळलं ते लिहिते. माझं माहेर सोलापूरच्या सेटलमेंटातलं. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली इंग्रजांनी आमच्या माणसांना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं, वर हजेरी लावली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. रजिस्टरात नाव चढू नये म्हणून आजोबांची पिढी पळायची, आणि मी तेच नाव कुठं सापडतंय का म्हणून वर्षभर फिरले.

तर पहिली गोष्ट, सेतूत नंतर जा. आमच्याकडं सगळे आधी अर्ज भरतात, मग कागद शोधतात. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, या तारखेआधीपासून घराणं महाराष्ट्रात होतं हे दाखवावं लागतं. त्यामुळं त्याआधीचा एक कागद नंतरच्या दहांना भारी. वडील, आजोबा, चुलत आजोबा ज्या शाळेत गेले तिथला प्रवेश-निर्गम उतारा मागा. शाळेत कोणी गेलंच नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ बघा, जन्ममृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते. नोंद मोडी लिपीत असली तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या.

आता उताऱ्यावर लिहिलंय काय, ते एकेक अक्षर वाचा. राज पारधी आणि पाल पारधी विमुक्त जातींत येतात. फासे पारधी अनुसूचित जमातीत. टाकणकारही जमातीतच. एका शब्दानं मुलीची आरक्षणाची रांग बदलते.

आमच्या नात्यातल्या एकाच्या उताऱ्यावर जुन्या, तपकिरी पडलेल्या शाईत ‘पारधी’ होतं. कोणीतरी शहाण्यानं त्याच्या आधीच्या जागेत बारीक अक्षरात, निळ्या बॉलपेननं ‘फासे’ घुसवलं. समितीच्या दक्षता पथकानं, म्हणजे चौकशी करणाऱ्यांनी, मूळ रजिस्टर मागवलं आणि सगळं प्रकरण अडकलं. रडावं की हसावं, कारण नुसतं ‘पारधी’सुद्धा जमातींच्या यादीत आहेच! त्या दोन अक्षरांची गरजच नव्हती. नोंद जशी आहे तशी द्या. खोटा दाखला घेणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षेची तरतूद २००० च्या कायद्यात आहे.

वंशावळ करताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा. आमच्यात एका माणसाची दोन-तीन नावं असतात, आणि कोणतं नाव कोणाचं हे तिलाच ठाऊक. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची व्हॅलिडिटी असेल तर ती जोडाच. मुंबई उच्च न्यायालयानं २०१० मध्ये अपूर्वा निचळे प्रकरणात तिला वजन दिलंय.

पथक घरी येतं तेव्हा देवी कोणती, लग्नात काय करता, बोली येते का, असं विचारतं. थोरल्या आत्यानं उत्तर द्यायच्या ऐवजी दोरा घेतला आणि तितराचा फास घालून दाखवला. शहरात वाढलेल्या पोराला हे येत नसेल तर घाबरू नका. ही आप्तभाव चाचणी एकटीच निर्णायक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलंय.

माझ्या स्वतःच्या मुलीचं वेगळं. नवरा आमच्यातला नाही. बापाची जात मुलाला, असं ऑफिसात धरूनच चालतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाप्रमाणं ते गृहीतक शेवटचं नाही. मूल आईच्या समाजात वाढलं, त्याच समाजाचे चटके त्यानं सोसले, हे पुराव्यानं दाखवता येतं. सोपं नाही. मी अजून कागद गोळा करतेय.

प्रांताकडून दाखला नाकारला तर तीस दिवसांत अपील करा, तोंडी ‘नाही’ ऐकून परतू नका, लेखी मागा. पडताळणी समितीनं नाकारलं तर मात्र थेट उच्च न्यायालयच.

आणि मूळ कागद कुणाला देऊ नका. भाचीचे आम्ही पत्र्याच्या पेटीत ठेवलेत, देवीच्या शेजारी.